ड्रुइडांचे पौरोहित्य आणि कष्टकऱ्यांचा वेळ

पुरोहिताचे शिक्षण किती काळ चालावे, त्याचा खर्च कोणी सोसावा आणि ते कोणाला मिळावे, हे प्रश्न प्रथमदर्शनी धर्मशास्त्राचे वाटतात. वस्तुतः ते तितकेच अर्थशास्त्राचेही आहेत. ब्रिटन आणि अमेरिका या देशांत गेल्या साठ वर्षांत वाढलेल्या ड्रुइड पंथांना या प्रश्नांनी गाठले आहे. हे पंथ आकाराने लहान आहेत. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये आपला धर्म ‘ड्रुइड’ असे लिहिणारांची संख्या चार हजारांच्या थोडी वर होती. इतक्या अल्पसंख्य समाजाच्या अंतर्गत वादाकडे मराठी वाचकाने का लक्ष द्यावे, असे कोणी विचारील. परंतु एखाद्या प्रश्नाचे खरे स्वरूप पुष्कळदा लहान प्रयोगातच स्वच्छ दिसते. मोठ्या धर्मांत परंपरा, मालमत्ता आणि जन्मसिद्ध अधिकार यांचे थर इतके साचलेले असतात, की मूळ प्रश्न त्यांखाली दिसेनासा होतो. ड्रुइडांपाशी ना जुनी मठसंपत्ती आहे, ना वंशपरंपरागत पुरोहितवर्ग. त्यांना आपली पौरोहित्यव्यवस्था पायापासून उभारावी लागत आहे. आणि ज्यांच्यातून ती उभारायची ते बहुतेक लोक दिवसभर नोकरी करून पोट भरणारे आहेत.

वीस वर्षे कोणाच्या जिवावर?

प्राचीन ड्रुइडांविषयीची आपली माहिती मुख्यतः परकीयांच्या लेखनावर अवलंबून आहे. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार जूलियस सीझर. गॉलमधील, म्हणजे आजच्या फ्रान्स व आसपासच्या प्रदेशातील, युद्धांच्या वृत्तांताच्या सहाव्या भागात तो सांगतो, की ड्रुइड होऊ इच्छिणारे तरुण असंख्य पद्ये मुखोद्गत करीत आणि त्यांपैकी काहींचे अध्ययन वीस वर्षांपर्यंत चाले. इतर व्यवहारांत हे लोक ग्रीक लिपी वापरीत. पण ही विद्या मात्र लेखनात उतरवणे त्यांना निषिद्ध वाटे. मौखिक परंपरेचे हे वर्णन वाचताना घनपाठी वैदिकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. केल्टिक आणि भारतीय परंपरांतील अशा साम्यांचा विचार आयरिश विद्वान माइल्स डिलन यांनी केला असून त्यांचा यासंबंधीचा ग्रंथ १९७५ साली सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेनेच प्रसिद्ध केला.

सीझरच्या वृत्तांतातील वीस वर्षांचा आकडा सर्वांच्या लक्षात राहतो. त्याच्या शेजारचे वाक्य मात्र सहसा कोणी उद्धृत करीत नाही. ड्रुइडांना लष्करी सेवा माफ होती आणि इतरांप्रमाणे करही द्यावा लागत नसे, असे सीझर नोंदवतो. या सवलतींच्या आकर्षणाने पुष्कळ तरुण स्वतः होऊन या शिक्षणाकडे वळत आणि पुष्कळांना त्यांचे आईबाप व नातलग पाठवीत, असेही तो म्हणतो. याचा अर्थ उघड आहे. वीस वर्षे विद्यार्थी शेत नांगरीत नव्हता, लढाईवर जात नव्हता, कर भरीत नव्हता. त्याच्या वाट्याचे हे काम उरलेला समाज करीत होता. दीर्घ अध्ययन शक्य झाले ते केवळ विद्यार्थ्यांच्या निष्ठेमुळे नव्हे, तर त्या निष्ठेचा खर्च उचलणाऱ्या शेतकऱ्यामुळे.

हीच गोष्ट पुढेही दिसते. १७२२ साली लंडनमध्ये छापलेल्या क्लॅनरिकार्डच्या आठवणींच्या ग्रंथात आयर्लंडमधील कविशाळांचे वर्णन आहे. या शाळा सप्टेंबरच्या अखेरीपासून २५ मार्चपर्यंत, म्हणजे हिवाळ्यापुरत्याच, भरत. अंधाऱ्या खोलीत पडून विद्यार्थी पद्यरचना करीत. शनिवारी व सणांच्या आदल्या दिवशी ते आसपासच्या जमीनदारांच्या आणि सधन शेतकऱ्यांच्या घरी जात व तेथे त्यांचा उत्तम पाहुणचार होई. महाराष्ट्रात वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या ज्यांनी पाहिल्या वा ऐकल्या आहेत, त्यांना ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र त्या कविशाळांत प्रवेश मिळे तो कवींच्या कुळात जन्मलेल्यांनाच. समाज खर्च उचलत होता. पण कोणासाठी उचलायचा हे जन्माने ठरत होते.

पाथरवटाचे पुनरुज्जीवन

रोमन सत्तेच्या दडपणाखाली प्राचीन ड्रुइडांची परंपरा खंडित झाली. आजच्या ड्रुइडांचे मूळ अठराव्या शतकातील पुनरुज्जीवनात आहे, आणि या पुनरुज्जीवनाचा एक प्रमुख शिल्पकार व्यवसायाने पाथरवट होता, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. वेल्समधील एडवर्ड विल्यम्स, कवी म्हणून घेतलेले नाव इओलो मॉर्गनग, याने १७९२ साली लंडनच्या प्रिमरोज टेकडीवर ‘गोर्सेद’ म्हणजे चारणांची सभा भरवली. त्याने प्राचीन म्हणून पुढे केलेले पुष्कळसे साहित्य त्याने स्वतःच रचलेले होते, हे विसाव्या शतकातील संशोधनाने सिद्ध केले आहे. ते काही असले तरी दगड घडवून पोट भरणाऱ्या माणसाने फावल्या वेळातील व्यासंगाच्या बळावर एका राष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनाला वळण लावले, हे नाकारता येत नाही. १८१९ पासून ही सभा वेल्सच्या साहित्य-संगीत महोत्सवाशी जोडली गेली आणि आजही भरते.

दुसरा धागा याहूनही कष्टकऱ्यांच्या जवळचा आहे. १७८१ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ड्रुइडांच्या बंधुसंघातून १८३३ साली एक शाखा वेगळी झाली. सभासदांनी नियमित वर्गणी द्यावी आणि आजारात वा मृत्यूच्या प्रसंगी त्यातून कुटुंबाला मदत मिळावी, हा या नव्या संघटनेचा मुख्य हेतू होता. सरकारी विमायोजना अस्तित्वात येण्यापूर्वी इंग्लंडमधील कामगारांना अशाच परस्परसाहाय्य मंडळांचा आधार होता. या मंडळींचे ड्रुइडपण बहुतांशी नावापुरते आणि वेषापुरते असले, तरी त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली: तुटपुंज्या मजुरीतून दर आठवड्याला बाजूला काढलेल्या चार पेन्सांवर मोठी संस्था उभी राहू शकते. आजच्या ड्रुइडांना आपल्या पुरोहितांच्या शिक्षणाचा निधी कोठून आणावा असा प्रश्न पडत असेल, तर त्याचे उत्तर त्यांच्याच नावाच्या एका जुन्या संघटनेच्या हिशेबवह्यांत आहे.

टपालाने आलेले धडे

धर्म म्हणून ड्रुइड मार्ग आकाराला आला तो मात्र अलीकडे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील कार्लटन महाविद्यालयात विद्यार्थ्यांना धार्मिक उपासनेला उपस्थित राहणे सक्तीचे होते. त्याविरुद्ध काही विद्यार्थ्यांनी १९६३ साली थट्टेखातर ‘सुधारित ड्रुइड’ पंथ काढला. १९६४ साली सक्ती उठली, पण पंथ उरला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रॉस निकल्स यांनी ‘चारण, ओव्हेट आणि ड्रुइड संघ’ स्थापन केला. अमेरिकेतील त्या पंथातूनच पुढे आलेल्या आयझॅक बोनविट्स यांनी १९८३ साली ‘आर नरीओख्त फेन’ ही संस्था काढली. या आयरिश नावाचा अर्थ ‘आमचा स्वतःचा ड्रुइड मार्ग’ असा असून ती ए. डी. एफ. या आद्याक्षरांनी ओळखली जाते.

शिक्षणाच्या बाबतीत या दोन संस्थांनी दोन वाटा धरल्या. निकल्स यांच्या संघाची १९८८ साली फिलिप कार-गॉम यांनी पुनर्रचना केली आणि टपालाने धडे पाठवण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. साधकाला घरबसल्या धडे मिळावेत, शंका विचारण्यास मार्गदर्शक असावा आणि चारण, ओव्हेट, ड्रुइड या तीन पायऱ्या प्रत्येकाने आपल्या गतीने चढाव्यात, अशी ही योजना. ती यशस्वी झाली. परंतु हा अभ्यासक्रम मुळात साधकासाठी आहे, पौरोहित्याचा अधिकार देण्यासाठी नव्हे, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

बोनविट्स यांची आकांक्षा निराळी होती. इतर धर्मांच्या प्रशिक्षित धर्मगुरूंच्या बरोबरीने उभे राहतील, इतिहास, भाषाशास्त्र, पुराणकथा यांचा कसून अभ्यास केलेले असतील आणि सर्वांना खुल्या असलेल्या उपासना चालवतील, असे पुरोहित त्यांना हवे होते. या संस्थेत प्रत्येक सभासदाला आरंभी एक प्राथमिक साधना करता येते. तीत नेमलेल्या विषयांवरील ग्रंथांचे वाचन, नऊ सद्गुणांवर निबंध, वर्षातील आठ पर्वांचे पालन, घरातील देव्हारा, मनाच्या एकाग्रतेची नोंदवही अशा गोष्टी येतात. तिला साधारण वर्षभर लागते. पौरोहित्याचा अभ्यास त्यानंतर सुरू होतो. ‘धावत्या ओकवृक्षाच्या वेगाने’ हे या संस्थेचे विनोदी बोधवाक्य प्रसिद्ध आहे. घाईने उभारलेले टिकत नाही, असा त्याचा आशय. परंतु ओकवृक्षाला घरभाडे द्यावे लागत नाही, ही गोष्ट या बोधवाक्यात येत नाही.

खरी किंमत शुल्काची नव्हे

शिक्षण सुलभ करायचे म्हणजे शुल्क कमी करायचे, असा सर्वसाधारण समज असतो. अर्थशास्त्र सांगते, की एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी जे सोडावे लागते ते. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला, मालमोटारीच्या चालकाला किंवा दुकानातील विक्रेत्याला पुस्तकांचा खर्च जड जातोच. पण त्याहून जड जाते ते कामावरून सुट्टी घेणे. अमेरिकेत खाजगी नोकरदाराला पगारी रजा मिळालीच पाहिजे असा मध्यवर्ती सरकारचा कायदा नाही. ब्रिटनमध्ये वर्षाला ५.६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. एकच आठ दिवसांचे निवासी शिबिर ब्रिटिश कामगाराला सुट्टीत बसवता येईल; अमेरिकन कामगाराला मात्र कदाचित आठवड्याच्या मजुरीवर पाणी सोडावे लागेल. शिबिराचे शुल्क दोघांना सारखे असले, तरी किंमत सारखी नसते.

दुसरी गोष्ट एकूण तासांची आणि त्यांच्या वाटणीची. उदाहरणादाखल एखाद्या अभ्यासक्रमाला सहाशे तासांचे अध्ययन लागते असे धरू. आठवड्याला चाळीस तास देऊ शकणारा विद्यार्थी तो पंधरा आठवड्यांत पुरा करील. आठवड्याला सहा तास देऊ शकणाऱ्याला शंभर आठवडे, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे लागतील. दोघांनी केलेला अभ्यास तितकाच आहे. फरक आहे तो केवळ दिनदर्शिकेचा. असे असताना ‘अमुक मुदतीत पुरे करा, नाहीतर पुन्हा आरंभ करा’ असा नियम केला, तर तो विद्वत्तेची परीक्षा घेत नाही. उमेदवाराच्या घरी दुसरा कमावता माणूस आहे की नाही, याची परीक्षा घेतो.

ज्या धर्मात पुरोहित कोणत्याही कुळातून येऊ शकतो असे तत्त्व आहे, त्या धर्मात अशा नियमांनी नकळत एक नवे कूळ निर्माण होते: सवड असलेल्यांचे. मग प्रार्थना, प्रवचन आणि समुपदेश यांवर त्याच वर्गाच्या अनुभवाची छाप पडते. कारखाना बंद पडल्यामुळे खचलेल्या माणसाशी काय बोलावे, हे ज्याने कधी हजेरीपत्रकावर सही केली नाही त्याला सुचणे कठीण. कष्टकऱ्यांना पौरोहित्याबाहेर ठेवण्यात त्यांचे नुकसान आहेच. पण त्याहून मोठे नुकसान त्या धर्माचे आहे.

दोन टोके

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे अमेरिकेतच उपलब्ध आहेत, आणि दोन्ही असमाधानकारक आहेत. पहिले उत्तर विद्यापीठीय. अमेरिकन सैन्यात धर्मगुरू म्हणून नेमणूक हवी असेल, तर पदवीनंतरचे किमान ७२ श्रेयांकांचे शिक्षण लागते. सामान्यतः हा तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यास असतो. ज्या चर्चपाशी शिष्यवृत्त्या, वसतिगृहे आणि शेवटी पगाराची जागा आहे, त्याच्या उमेदवाराला हे परवडते. ड्रुइड उमेदवाराला मात्र कर्ज काढून ही पदवी घ्यावी लागेल आणि नंतर ते कर्ज फेडण्यासाठी दुसरीच नोकरी करावी लागेल, कारण त्याच्या पंथाची उपासना बहुधा कोणाच्या तरी परसात किंवा भाड्याच्या सभागृहात भरते.

दुसरे उत्तर याच्या अगदी उलट. कर्बी हेन्स्ली यांनी कॅलिफोर्नियात १९६२ साली स्थापन केलेले ‘युनिव्हर्सल लाइफ चर्च’ मागेल त्याला विनामूल्य दीक्षा देते. केवळ टपालाने नाव कळवून लक्षावधी लोक तेथे धर्मगुरू झाले. विवाह लावण्याचा कायदेशीर अधिकार मिळवण्यापुरती ही सोय समजण्यासारखी आहे. परंतु ज्या अधिकारासाठी काहीच करावे लागत नाही, तो अधिकार धारण करणाऱ्याविषयी काहीच सांगतही नाही. रुग्णालयातील परिचारिकेला किंवा तुरुंगाच्या अधिकाऱ्याला दारात उभ्या असलेल्या माणसावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरवायचे असते. तेथे असले प्रमाणपत्र निरुपयोगी ठरते.

या दोन टोकांमधील वाट इतरांनी पूर्वी शोधलेली आहे. सदर्क या लंडनमधील धर्मप्रांतात १९६० साली चर्च ऑफ इंग्लंडने नोकरी न सोडता धर्मगुरू होण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. संध्याकाळचे वर्ग आणि शनिवार-रविवारची निवासी सत्रे यांवर त्याची उभारणी होती. फ्रान्समधील कॅथलिक धर्मगुरूंनी त्याआधीच, १९४० च्या दशकात, कारखान्यांत मजुरी पत्करली होती; रोमने १९५४ मध्ये त्यांना जवळजवळ माघारी बोलावले आणि १९६५ मध्ये पुन्हा मुभा दिली. सेंट पॉल स्वतः तंबू शिवण्याच्या धंद्यावर उपजीविका करीत असे, हे बायबलच नमूद करते. हाताने काम करणारा माणूस धर्माचे काम करण्यास अपात्र ठरतो, असा पुरावा कोठेही नाही.

आंबेडकरांचा युक्तिवाद

सुलभता वाढली की दर्जा घसरतो, हा या चर्चेतील नेहमीचा आक्षेप. त्याला सर्वांत नेमके उत्तर १९३६ साली एका अर्थशास्त्रज्ञानेच दिले आहे. ‘जातिभेद निर्मूलन’ या न झालेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदूंच्या पौरोहित्याविषयी काही ठोस सूचना केल्या. पौरोहित्य वंशपरंपरागत असू नये. स्वतःला हिंदू म्हणवणाऱ्या प्रत्येकाला पुरोहित होता यावे. मात्र राज्याने ठरवलेली परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय आणि सनद मिळाल्याशिवाय कोणालाही पौरोहित्य करता येऊ नये. वैद्य, अभियंता, वकील यांना आपले ज्ञान सिद्ध करावे लागते. पुरोहिताला तेवढी सूट का, हा त्यांचा सवाल होता.

या युक्तिवादाचे मर्म असे, की दार उघडे ठेवणे आणि उंबरठा उंच ठेवणे या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. जन्माची अट काढून टाकली म्हणजे ज्ञानाची अट अधिक कडक करता येते. किंबहुना ती तेव्हाच प्रामाणिकपणे घालता येते. आंबेडकरांनी पुरोहिताला राज्याचा सेवक मानले होते. धर्म आणि शासन यांच्यात भिंत घालणाऱ्या अमेरिकन घटनेत हा भाग बसणार नाही, आणि ड्रुइडांनाही तो रुचणार नाही. परंतु परीक्षा आणि सनद ही दोन तत्त्वे पंथाला स्वतःच्या बळावर अमलात आणता येतात.

महाराष्ट्रात या दिशेचा अनुभवही आहे. पुण्यात १९७० च्या दशकात शंकरराव थत्ते यांनी स्त्रियांना पौरोहित्य शिकवण्यास आरंभ केला. शिकणाऱ्यांत संसार सांभाळणाऱ्या मध्यमवयीन गृहिणी मोठ्या संख्येने होत्या. बालपणापासून वेदपाठशाळेत घालवलेली वर्षे त्यांच्यापाशी नव्हती. पुढे ज्ञान प्रबोधिनीने स्त्रीपुरुष आणि सर्व जाती यांना खुले असे पौरोहित्य-वर्ग चालवले. प्रारंभी नाके मुरडली गेली. कालांतराने लोकांनी या पुरोहितांना घरी बोलावले, कारण त्यांचे उच्चार स्वच्छ होते, विधीचा अर्थ ते समजावून सांगत आणि ठरल्या वेळी येत. यजमानाने शेवटी तपासली ती सेवेची गुणवत्ता. शिक्षण सकाळी झाले की संध्याकाळी, हे त्याने विचारले नाही.

काय करता येईल

ड्रुइड पंथांनी काय करावे, हे त्यांनीच ठरवायचे आहे. तथापि वरील विवेचनातून काही गोष्टी सहज निघतात. पहिली, अभ्यासक्रमाचे लहान आणि स्वतंत्रपणे पुरे करता येणारे घटक पाडावेत. एकदा उत्तीर्ण झालेला घटक पुन्हा करावा लागू नये आणि एकूण मुदतीचे बंधन नसावे. मुंबई-पुण्यात बहिःस्थ परीक्षा देऊन पदवीधर झालेल्या कारकुनांना या पद्धतीचे मोल माहीत आहे. दुसरी, प्रत्यक्ष सहवास आवश्यक असेल तेथे तो पर्वांच्या मेळाव्यांना जोडावा. चार संक्रमणदिन आणि चार केल्टिक सण या आठ पर्वांच्या निमित्ताने मंडळी एकत्र येतातच, आणि कामाच्या दिवशी आलेले पर्व पुष्कळ ठिकाणी जवळच्या शनिवार-रविवारी साजरे होते. त्याच प्रवासखर्चात परीक्षा आणि प्रात्यक्षिक उरकता येईल.

तिसरी, जीवनातील अनुभवाला अभ्यासाचा दर्जा द्यावा. पण तो तपासून द्यावा. मरणासन्न रुग्णांजवळ दहा वर्षे बसलेल्या परिचारिकेला शोकसमयीच्या आधाराचा प्राथमिक पाठ ऐकवण्यात अर्थ नाही. तिला आयरिश पुराणकथा कदाचित अधिक शिकवाव्या लागतील. साहित्याच्या प्राध्यापकाच्या बाबतीत नेमके उलटे. चौथी, अधिकाराच्या पायऱ्या कराव्यात. स्थानिक उपासना चालवण्यास एक पात्रता पुरे. विवाह, समुपदेश आणि तुरुंग वा रुग्णालयातील सेवा यांसाठी वेगळी, अधिक कडक. गुप्तता कशी पाळावी, दुर्बल माणसाचा गैरफायदा कसा होतो, प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचे आहे हे केव्हा ओळखावे, या विषयांत मात्र कोणालाही, कितीही कामात असला तरी, सूट असू नये. येथील चुकीची किंमत उमेदवार देत नाही. त्याच्याकडे विश्वासाने आलेला माणूस देतो.

फुकट सेवेचा धोका

याविरुद्ध दोन आक्षेप गंभीरपणे घ्यावे लागतील. पहिला असा, की ड्रुइडांना पुरोहितवर्गच कशाला हवा? प्रत्येकाचे निसर्गाशी नाते थेट असताना मध्यस्थ नेमणे म्हणजे जुनीच बेडी पुन्हा पायांत घालणे होय, असे मानणारे या पंथांत पुष्कळ आहेत. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पुरोहितावाचून विवाह लावले, हा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी माणसाला या आक्षेपाचे बळ जाणवेल. परंतु मध्यस्थ आणि सेवक यांत अंतर आहे. उपासनेला पुरोहित लागत नसेलही. पण मृत्यूच्या घरी रात्री दोन वाजता कोणाला हाक मारायची, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. ज्याला हाक मारायची तो शिकलेला आणि कोणाला तरी जबाबदार असावा, एवढीच अपेक्षा आहे.

दुसरा आक्षेप ॲडम स्मिथच्या ग्रंथातून निघतो. १७७६ साली त्याने दाखवून दिले, की दानधर्मातून आणि सार्वजनिक खर्चातून पाद्री घडवले गेल्यामुळे त्यांची संख्या गरजेपेक्षा वाढली आणि सामान्य पाद्र्याचे वेतन घसरले. शिक्षण स्वस्त केले तर ड्रुइड पुरोहितांचेही असेच होईल काय? येथे परिस्थिती भिन्न आहे. वेतनच नसेल तर ते घसरणार कोठून? बहुतेक ड्रुइड पुरोहित आपली उपजीविका अन्य व्यवसायावर चालवतात आणि उरलेल्या वेळात सेवा देतात. म्हणून भीती आहे ती पुरोहितांची गर्दी होण्याची नसून ते थकून जाण्याची आहे. दिवसा नोकरी, संध्याकाळी अभ्यास, आणि सनद मिळाल्यावर त्याच संध्याकाळी विनामूल्य सेवा, अशी रचना झाली, तर सुलभ केलेले शिक्षण हे कष्टकऱ्यावर लादलेले आणखी एक ओझे ठरेल.

शिक्षणाच्या सुधारणेबरोबर सेवेच्या मोबदल्याचीही सुधारणा झाली पाहिजे, ती याकरिता. धर्मकार्याचे पैसे घेणे अनेक ड्रुइडांना प्रशस्त वाटत नाही. ही भावना आदरणीय आहे. परंतु तिचा परिणाम असा होतो, की ज्याला पैशाची गरज नाही तोच ही सेवा दीर्घकाळ करू शकतो. प्रवासखर्च, ग्रंथ, बुडालेली मजुरी यांची भरपाई सभासदांच्या वर्गणीतून करणे म्हणजे धर्माचा बाजार मांडणे नव्हे. १८३३ च्या त्या संघटनेतील कामगारांनी आजारी सोबत्याला मदत देताना ती भीक समजली नाही. तो त्यांनी आपसांत केलेला करार होता.

सीझरच्या काळातील समाजाने आपल्या ड्रुइडांना करमाफी दिली, युद्धमाफी दिली आणि वीस वर्षांची सवड दिली. आजच्या समाजाने यांपैकी काहीही न देता वीस वर्षांच्या तपश्चर्येची अपेक्षा करणे हा परंपरेचा आदर नव्हे. परंपरेचा अर्धाच भाग उचलण्याचा तो प्रकार आहे. ज्यांना शिकलेला पुरोहित हवा आहे, त्यांनी त्याच्या शिकण्याच्या वेळेचा वाटा उचलावा. तो वाटा कोणी उचलत नसेल, तर पौरोहित्याचे दार कायद्याने सर्वांना खुले असूनही सवड असलेल्या थोड्यांनाच त्यातून आत जाता येईल.